रोमँटिक काळातलं पाश्चात्त्य संगीत आणि ऑपेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीत नव्यानं ऐकायला लागलेली मंडळी काही प्रश्न हमखास विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती बरीचशी रागसंगीतावर वाढलेल्या कानाला धरून आहेत, कारण माझा स्वतःचा कानही तसाच घडला आहे.

‘रोमँटिक’ म्हणजे प्रेमाचं संगीत का?

नाही. हा शब्द साहित्यातून आला. मराठीत त्याला ‘स्वच्छंदतावाद’ म्हणतात. इंग्रजी कवितेतली हीच लाट पुढे केशवसुतांपर्यंत पोहोचली आणि आपली कविता बदलून गेली. संगीतात साधारण १८०० ते १९०० हा तिचा काळ, थोडा मागेपुढे. या रचनांमध्ये प्रेम आहेच, पण रात्र, वादळ, जंगल, भुतंखेतं, एकटेपण, हरवलेला देश आणि मरणही आहे. मुख्य म्हणजे, हे सगळं ‘मला’ कसं जाणवलं, असं सांगणारा एक माणूस त्यात आहे.

त्याआधी असा माणूस संगीतात नव्हता का?

होता, पण त्याचं स्थान वेगळं होतं. हायडननं १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याची नोकरी धरली, तेव्हा ठरलेल्या गणवेशात हजर राहायचं हे करारातच लिहिलेलं होतं. मालकाला हवं ते संगीत वेळेवर द्यायचं, हे त्याचं काम. त्यातही त्यानं अप्रतिम संगीत लिहिलं, यात शंका नाही. पुढच्या पिढीत दरबार मागे पडले आणि तिकीट काढून येणारा श्रोता, घरात पियानो असलेली मध्यमवर्गीय कुटुंबं, स्वरलिप्या छापून विकणारे प्रकाशक पुढे आले. संगीतकाराला पोटासाठी वणवण करावी लागली, पण काय लिहायचं हे आता त्याचं तो ठरवू लागला.

बीथोवन अभिजात की रोमँटिक?

दोन्ही. (इथे ‘अभिजात’ म्हणजे हायडन-मोझार्टचा काळ.) तो उंबरठ्यावर उभा आहे. त्याची तिसरी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची मोठी रचना), ‘एरोइका’, १८०५ मध्ये व्हिएन्नात जाहीरपणे वाजली. मोझार्टची सिम्फनी साधारण अर्ध्या तासात संपते, ही पाऊण तासाच्या पुढे जाते. पण लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे ते पहिल्या दहा-बारा सेकंदांत घडतं. दोन जोरदार ठोके, मग चेलोवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनवर, एक अगदी साधी सुरावट, आणि उतरता उतरता ती अचानक एका परक्या स्वरावर जाऊन थबकते. जणू गवई पहिल्याच आलापात रागाबाहेरचा स्वर लावून थांबला. त्या एका स्वराचं उत्तर शोधण्यात पुढचा सगळा भाग जातो.

माझा कान रागसंगीताचा आहे. हार्मनी मला कळेल का?

कळेल, आणि या काळाचं मर्म तिच्यातच आहे. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून असतो. गवई कुठेही फिरून आला तरी घर हलत नाही. तिकडे तानपुरा नाही. एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, म्हणजे कॉर्ड, कानाला सांगतात की घर कुठे आहे, आपण किती दूर आलो आहोत आणि आता परत निघालो आहोत की नाही. शिवाय मध्येच घर बदलण्याचीही सोय आहे.

हायडन-मोझार्टच्या संगीतात ही ये-जा बहुतेक वेळा स्वच्छ कळते. रोमँटिक संगीतकारांनी परतीची वाट लांबवत नेली. तान षड्जाला भिडणार असं वाटतं, आणि गवई निषादावरच रेंगाळतो. क्षणभर जीव टांगणीला लागतो ना? ती टांगणी त्यांनी आधी काही सेकंदांची केली, मग काही मिनिटांची, आणि शेवटी वाग्नरनं ती जवळपास चार तास ताणली. त्याच्याकडे पुढे येतोच. शंभर वर्षांत संगीतात झालेला सगळ्यात मोठा बदल मला विचाराल तर हाच : ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावणं.

एखादी छोटी रचना सांगा, जिच्यात हे सगळं दिसेल.

शूबर्टचं ‘एर्लक्योनिग’. जेमतेम चार मिनिटांचं गाणं. १८१५ मध्ये त्यानं ते लिहिलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. कविता जर्मन कवी गटेची. रात्री वादळात एक बाप आजारी मुलाला कवटाळून घोडा फेकत चालला आहे. मुलाला पिशाचांचा राजा दिसतो, बापाला दिसत नाही.

गायक एकच, पण आवाज चार : निवेदक, बाप, मुलगा आणि तो पिशाच. पियानोवर उजवा हात एकच स्वर धडाधड वाजवत राहतो, एका ठोक्यात तीन वेळा, थांबायचं नावच नाही. त्या घोड्याच्या टापा. (वादकाचं मनगट इथे अक्षरशः भरून येतं.) बाप खालच्या पट्टीत समजूत घालतो. पिशाच गोड, लाडिक सुरात बोलावतो आणि तेवढ्यापुरत्या टापासुद्धा मऊ होतात. मुलगा ‘बाबा, बाबा’ म्हणून ओरडतो, आणि दर खेपेला ती किंकाळी आधीच्यापेक्षा वरच्या स्वरावरून येते. शेवटी घर येतं. टापा थांबतात. गायक जवळपास बोलल्यासारखं सांगतो की बापाच्या हातात मूल मेलेलं होतं. दोन कॉर्ड, आणि संपलं.

इथे पियानो गाण्याला साथ करत नाही, तो स्वतःच गोष्ट सांगतो. हा बदल शूबर्टनं पुरता रुजवला. एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं सहाशेहून अधिक गाणी लिहिली. त्याच्या मित्रांनी ही गाणी गटेला पाठवली होती, ती काही न कळवता परत आली. आज त्या कवितेचं नाव घेतलं की आधी शूबर्टच्या टापा ऐकू येतात.

शब्द नसलेलं संगीत गोष्ट कशी सांगणार?

त्यासाठी बर्लिओझ ऐका. त्याची ‘सिम्फनी फँटास्टिक’ ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये झाली. हॅरिएट स्मिथसन या नटीवर तो वेडा झाला होता. त्यानं पाच भागांची सिम्फनी रचली आणि प्रेयसीसाठी एक सुरावट ठरवली. ती पाचही भागांत येते : नाचाच्या गर्दीत, शेतात, आणि शेवटच्या भागात चेटकिणींच्या मेळाव्यात विद्रूप होऊन. चौथ्या भागात नायकाला वधस्तंभाकडे नेतात. शेवटच्या क्षणी क्लॅरिनेटवर ती सुरावट एकटीच उमटते, आणि ती पुरी होण्याआधीच सगळा वाद्यवृंद एका घावात तिला तोडतो. गिलोटिनचं पातं कोसळलं हे कोणी सांगावं लागत नाही.

मला त्याहून हलवतो तो तिसऱ्या भागाचा शेवट. सुरुवातीला दोन गुराखी पाव्यावर एकमेकांना साद घालतात. शेवटी एकच जण वाजवतो. दुसऱ्याकडून उत्तर येत नाही. उत्तर येतं ते चार वादकांनी नगाऱ्यांवर हलकेच काढलेल्या दूरच्या गडगडाटाचं. एकटेपण इतक्या कमी साधनांत क्वचितच कोणी दाखवलं असेल.

पुढे फ्रान्झ लिस्टनं याच वाटेनं जाऊन एकाच भागात कथा किंवा चित्र उभं करणारं, वाद्यवृंदाचं ‘सिम्फनिक पोएम’ रूढ केलं. एकट्या वादकाची मैफल आणि तिला ‘रिसायटल’ हे नाव, हेही त्याच्याच काळापासून.

वाद्यंसुद्धा बदलली का?

खूपच. जुन्या हॉर्नला कळा नव्हत्या. नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर, बाकीचे हात आत घालून कसेबसे. १८१८ मध्ये बर्लिनमध्ये ष्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि पितळी वाद्यांना हळूहळू सगळे स्वर मोकळे झाले. वाग्नरचा वाद्यवृंद त्याशिवाय शक्यच नव्हता.

पियानोची कथा अशीच. मोझार्टचा पियानो पाच सप्तकांचा, लाकडी चौकटीचा, नाजूक. शतक संपता संपता तो सात सप्तकांच्या पुढे गेला, आत बिडाची चौकट आली आणि तारांचा ताण कितीतरी वाढवता आला. पॅरिसच्या एरारनं १८२१ मध्ये अशी रचना केली की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. लिस्टच्या बोटांचा झपाटा असल्या यंत्रणेवर उभा आहे.

शोपँनं मोठं काही का लिहिलं नाही?

पियानो आणि वाद्यवृंदासाठीचे दोन कन्चेर्तो आणि काही सोनाटा आहेत, पण त्याचा जीव पियानोच्या छोट्या रचनांत होता. त्याला लहान म्हणू नका. १८३० च्या नोव्हेंबरात त्यानं पोलंडमधलं वॉर्सा सोडलं, काही आठवड्यांतच तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, आणि तो पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. त्याचे मझुर्का ऐकताना हे लक्षात ठेवा. खेड्यातल्या नाचाचा ठेका, पण आठवणीतून ऐकलेला. मरणानंतर बहिणीनं त्याचं हृदय वॉर्साला नेलं. तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात ते आहे.

म्हणजे देशप्रेमही या संगीतात आलं?

आलं, आणि जोरात आलं. ज्यांना स्वतःचं राज्य नव्हतं त्यांच्याकडे तर फारच. चेक संगीतकार स्मेतानानं ‘व्ल्तावा’ हे आपल्या नदीचं चित्र १८७४ मध्ये लिहिलं. आधी बासऱ्या, मग क्लॅरिनेट, हे नदीचे दोन झरे. ते एकत्र येतात, प्रवाह होतो, वाटेत शिकार, लग्नातला नाच, चांदणं, आणि मग प्राग. याच वर्षी तो पार बहिरा झाला. नॉर्वेत ग्रीग, रशियात मुसोर्ग्स्की आणि त्याचे साथीदार, फिनलंडमध्ये सिबेलियस, सगळ्यांनी आपापल्या मातीतल्या चाली सिम्फनीच्या आणि ऑपेराच्या दालनात आणल्या.

सगळेच जुनं मोडायला निघाले होते का?

अजिबात नाही. फेलिक्स मेंडेल्सननं वीस वर्षांचा असताना, १८२९ मध्ये, बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं. बाख जाऊन तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षं झाली होती. पूर्वजांचं संगीत पुन्हा पुन्हा वाजवायचं, ही आज स्वाभाविक वाटणारी गोष्ट या पिढीनं रूढ केली. ब्राम्सला बीथोवनचा इतका धाक होता की पहिली सिम्फनी बाहेर यायला १८७६ साल उजाडलं; तो त्रेचाळीस वर्षांचा होता. जुन्या चौकटीत राहून त्यानं काय साधलं ते ऐकायचं तर चौथी सिम्फनी ऐका.

बायका कुठे होत्या?

होत्या, आणि त्यांना मागे ठेवलं गेलं. फॅनी मेंडेल्सन ही फेलिक्सची थोरली बहीण, तितकीच तयारीची. ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिलं की संगीत कदाचित फेलिक्सचा पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र ते अलंकारापुरतंच. तिची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं फेलिक्ससमोर त्यांतलं आवडतं गाणं गायलं, तेव्हा ते बहिणीचं आहे हे त्याला कबूल करावं लागलं. स्वतःच्या नावानं फॅनीनं रचना छापल्या त्या थेट १८४६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. क्लारा शूमान युरोपातल्या पहिल्या रांगेतली पियानोवादक होती. नवऱ्याच्या आजारपणात आणि मृत्यूनंतर मुलांचा संसार तिनं मैफलींवर चालवला. तिचं पियानो त्रिकूट (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना) ऐकल्यावर तिनं रचना का थांबवल्या, याची हळहळ वाटते.

ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

जवळचं नातं आहे, पण तेच नव्हे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त, १८८० मध्ये, संवाद बोलून होतात आणि मग पद येतं. पदात नट राग खुलवू शकतो, ‘वन्समोअर’ घेऊ शकतो. बहुतेक ऑपेरांत संवादही गायले जातात, आणि प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो. अर्थात वेबरचा ‘डेअर फ्रायशुट्झ’ किंवा बिझेचा मूळ ‘कार्मेन’ यांत बोललेले संवाद आहेत, तेव्हा भिंत काही पक्की नाही.

‘वन्समोअर’वरून एक गोष्ट सांगतो. शतकाच्या सुरुवातीच्या इटालियन ऑपेरातही नाट्य थांबायचं, गायक-गायिका आधी संथ आणि मग द्रुत असं गाणं म्हणायची, टाळ्या पडायच्या, मग कथा पुढे. बेल्लिनी आणि दोनिझेत्ती यांनी त्या साच्यात अतिशय सुंदर गाणी दिली. पुढच्या पिढीनं हा साचाच वितळवला.

व्हेर्दीनं नेमकं काय केलं?

एकाच प्रवेशावरून सांगतो : ‘रिगोलेत्तो’चा शेवटचा अंक. ऑपेरा १८५१ मध्ये व्हेनिसला आला. ह्यूगोच्या नाटकावर बेतलेला. मूळ नाटकातला लंपट राजा सेन्सॉरला चालेना, म्हणून फ्रान्सचा राजा मांटुआचा ड्यूक झाला.

नायक कोण, तर कुबडा विदूषक. त्याच्या मुलीला, जिल्डाला, ड्यूकनं फसवलं आहे. पडकी खानावळ, मधे भिंत. आत ड्यूक दुसऱ्या बाईला लाडीगोडी लावतो आहे, ती हसून उडवते आहे. बाहेर जिल्डा फटीतून पाहते आहे, रडते आहे, आणि बाप सूडाची शपथ घेतो आहे. चौघं एकदम गातात, चार वेगळ्या सुरावटी, चार वेगळी मनं, आणि चारही स्वच्छ कळतात. गद्य नाटकात चौघं एकदम बोलली तर गोंगाट होईल. संगीताला हे जमतं, हे व्हेर्दीनं ठसठशीत दाखवलं.

मग वादळ. वारा दाखवायला त्यानं पुरुषांचा कोरस पडद्यामागे तोंड मिटून गुणगुणायला लावला. बापानं ड्यूकला मारायची सुपारी दिली आहे. त्याच्या हाती पोतं येतं. तो नदीकडे निघतो, आणि अंकाच्या सुरुवातीला ड्यूकनं गायलेलं तेच टवाळ गाणं लांबून ऐकू येतं, ‘ला दॉन्ना ए मोबिले’. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? ऑपेरातली सगळ्यात लोकप्रिय चाल इथे सुऱ्यासारखी चालते. ही चाल जाहिरातीत ऐकून हलकीफुलकी वाटली असेल, तर एकदा हा अंक पूर्ण ऐकाच.

व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’तल्या कोरसनं इटलीत क्रांती घडवली हे खरं का?

तितकं सरळ नाही. १८४२ च्या पहिल्या प्रयोगात लोक पेटून उठले ही कथा बरीचशी नंतर रंगवली गेली. पण गुलामीतल्या ज्यूंचं ते गाणं पुढे इटालियनांनी आपलं मानलं, आणि १९०१ मध्ये व्हेर्दीची शवपेटी हलवताना टोस्कानिनीच्या संचालनाखाली मिलानमध्ये ते गायलं गेलं.

वाग्नरबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण त्यानं टाळीची जागाच काढून टाकली. त्याच्या उत्तरकाळातल्या ऑपेरांत गाणी सुटी करता येत नाहीत, संगीत अंकभर अखंड वाहतं. व्यक्ती, वस्तू, शपथ, शाप, प्रत्येकाला एक छोटी सुरावट. रंगमंचावरचं पात्र खोटं बोलत असतं तेव्हा खाली वाद्यवृंद खरं सांगत असतो.

‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ हा दोन प्रेमिकांचा ऑपेरा १० जून १८६५ रोजी म्युनिकला झाला. त्याआधी व्हिएन्नात सत्तरहून अधिक तालमी होऊन तो सोडून द्यावा लागला होता. सुरुवातीला चेलो हळूच वर चढतात आणि एक कॉर्ड येते, जिचं घर कुठलं ते कळत नाही. ती सुटते, पण दुसऱ्या प्रश्नात. मग शांतता. पुन्हा तेच. ही ओढ दुसऱ्या अंकात शमेल असं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच दगाबाजी उघडी पडून सगळं मोडतं. जवळपास चार तासांनी इझोल्डे मरते, तेव्हा ती सुरुवातीची कॉर्ड अखेर शांतपणे घरी पोहोचते. मी पहिल्यांदा तो शेवट पूर्ण ऑपेरा ऐकून गाठला, तेव्हा बराच वेळ जागचा उठलो नाही. नुसता शेवटचा तुकडा याआधी दहादा ऐकला होता. त्यात हे नव्हतं.

१८७६ मध्ये बायरॉइटला त्यानं स्वतःचं नाट्यगृह उघडलं आणि चार रात्रींचा, सुमारे पंधरा तासांचा ‘रिंग’ हा चार ऑपेरांचा संच तिथे पूर्ण रूपात पहिल्यांदा झाला. वाद्यवृंद रंगमंचाखाली, छताआड झाकलेला. वादक दिसत नाहीत, आवाज गायकांच्या आवाजात मिसळून येतो.

वाग्नर ज्यूद्वेष्टा होता. तरी ऐकायचा का?

तो ज्यूद्वेष्टा होता, याला पळवाट नाही. १८५० मध्ये त्यानं ज्यू संगीतकारांवर विषारी लेख लिहिला आणि पुढे तो आपल्या नावानं पुन्हा छापला. नाझींनी त्याचा झेंडा केला. १९८१ मध्ये आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी तेल अवीवमध्ये इस्राएल फिलहार्मनिकसोबत ‘ट्रिस्टान’चा अंश वाजवायचं ठरवलं, तेव्हा सभागृहात तीव्र विरोध झाला. छळछावणीतून वाचलेल्या माणसाला ते सूर नको असतील, तर त्याला समजावण्याचा हक्क मला वाटत नाही. मी स्वतः ऐकतो, आणि तो लेखही विसरत नाही.

या ऑपेरांत भारत कुठे दिसतो का?

दिसतो, पॅरिसच्या कल्पनेतला. देलीबचा ‘लाक्मे’, १८८३. ब्राह्मण पुजारी नीलकंठ, त्याची मुलगी लाक्मे, म्हणजे आपली लक्ष्मी, आणि तिच्या प्रेमात पडलेला इंग्रज अधिकारी. शेवटी ती धोत्रा खाऊन मरते. भारत खरा नाही, पण दोन स्त्रियांचं फुलं वेचतानाचं युगुलगीत खरोखर देखणं आहे. घराघरांतल्या आरशापुढच्या ‘लॅक्मे’ या प्रसाधनांचं नाव इथूनच आलं.

मुंबई-गोव्यात हे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

मिळतं. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं. तिथूनच आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांचा कणा उभा केला. एकदा तरी समोर बसून ऐका. डबल बेस कानांपेक्षा पायाखालच्या लाकडात आधी कळतो.

सुरुवात कुठून करू?

‘एर्लक्योनिग’, मग ‘व्ल्तावा’, मग शोपँचे दोन-तीन नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावातल्या छोट्या पियानोरचना. ऑपेरात ‘कार्मेन’ किंवा ‘रिगोलेत्तो’, उपशीर्षकांसह. वाग्नर वर्षभरानं.

मैफलीत टाळ्या कधी वाजवायच्या?

आज सगळे भाग संपल्यावर. बीथोवनच्या काळी मधेही वाजवत. १८२४ मध्ये नवव्या सिम्फनीच्या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा बहिरा बीथोवन श्रोत्यांकडे पाठ करून उभा होता. गायिका कारोलीन उंगर हिनं त्याला वळवलं, तेव्हा त्याला हलणारे हात दिसले.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग अशा जल्लोषात संपतो की हात आपोआप उठतात. ती अखेर नव्हे. चौथा भाग संथ आहे. तो विझत विझत चेलो आणि डबल बेसवर येतो, आणि नेमका कुठे संपला ते कळतही नाही. या सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी चायकॉव्हस्की गेला. तिथे संचालकाचा हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.